कुंपणाबाहेरचं बाळ: आपल्या धर्माधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय बिशप महोदय आणि सर्व धर्मगुरूंना,

सादर प्रणाम.

मी वसई तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका. आठवडाभर मराठी शाळा आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर धर्मशिक्षणाचा वर्ग, यात माझी तीस वर्षं गेली. प्रभू येशूवर माझी श्रद्धा आहे आणि हे पत्र लिहून झाल्यावरही ती राहील. हे आधीच सांगून टाकते, कारण चर्चला प्रश्न विचारणाऱ्याचा विश्वास तरी उडालेला असणार, नाही तर त्याला बाहेरून कुणी फितवलेलं असणार, असं आपल्याकडे फार लवकर ठरवलं जातं. चर्चच्याच १९८३ सालच्या धर्मसंहितेत, कलम २१२ मध्ये, लिहिलं आहे की चर्चच्या हिताच्या बाबतीत आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा भाविकांना हक्क आहे, आणि काही वेळा ते त्यांचं कर्तव्यही असतं. ते कर्तव्य मी आज करते आहे. इतकी वर्षं केलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

२०१४ साली माझ्या वर्गातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने हात वर केला. आम्ही दहा आज्ञा शिकत होतो. त्याने विचारलं, "टीचर, नरक नसता तर तुम्ही चर्चला आला असता का?"

पोरं हसली. तो हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. घरी आले, स्वयंपाक केला, जेवले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझी आई आठवली.

१९६२ च्या पावसाळ्यात आमच्या घरी एक बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं. मुलगा होता. मी पाच वर्षांची होते, पडवीत बसले होते. सुईण पाड्यावरची होती, हाताला फार चांगली, पण ख्रिस्ती नव्हती. आजी चुलीवरचं पाणी आणायला गेली होती. ती परत येईपर्यंत बाळ गेलं होतं. पाच मिनिटं जगलं असेल, दहा असतील. बाप्तिस्मा राहिला.

त्या काळच्या नियमाप्रमाणे बाप्तिस्मा न झालेल्याला चर्चच्या दफनभूमीत जागा नव्हती. वडिलांनी फळ्यांची पेटी ठोकली, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बाळ गुंडाळलं, आणि दिवेलागणीच्या वेळी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, निवडुंगाच्या कडेला, ते पुरलं. घंटा वाजली नाही. फादर आले नाहीत. शेजारचा एक काका तेवढा कंदील धरायला गेला होता.

पुढे काय झालं ते आईने मला माझ्या लग्नानंतर सांगितलं. बाळंतपण उरकून ती पहिल्यांदा कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेली तेव्हा जाळीपलीकडून तिला समजावण्यात आलं की, जीव धोक्यात असताना कोणीही माणूस, अगदी ख्रिस्ती नसलेलाही, योग्य हेतूने पाणी ओतून आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणून बाप्तिस्मा देऊ शकतो. म्हणजे सुईणही देऊ शकली असती. शिकवण म्हणून हे अगदी खरं आहे, आजही तसंच आहे. पण हे तिला बाळंतपणाआधी कुणीही सांगितलं नव्हतं, आणि नंतर मात्र आवर्जून सांगितलं. तिने विचारलं, माझं बाळ आता कुठे असेल? उत्तर मिळालं, लिंबोत. तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. आईने विचारलं, म्हणजे मी स्वर्गात गेले तरी ते मला भेटणार नाही? यावर तिला प्रार्थना करायला सांगण्यात आलं.

तिने केली. रोज संध्याकाळी जपमाळ संपली की आम्ही उठायचो आणि ती आणखी एक 'नमो मरिया' म्हणायची. कुणी विचारलं मुलं किती, तर म्हणायची, "चार, आणि एक." २०११ साली ती गेली. जवळजवळ पन्नास वर्षं ती जास्तीची 'नमो मरिया' चालली होती, आणि तिच्यामागे काय होतं ते मी आता स्पष्ट लिहिते. भीती होती. आपल्या हातून एक जीव देवाला कायमचा दुरावला, ही भीती.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी वाचायला लागले. आणि २०१५ साली मला समजलं की लिंबो ही चर्चची बंधनकारक शिकवण कधी नव्हतीच. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात अशी बाळंसुद्धा शिक्षेतच जातात असं मांडलं होतं. ते फार कठोर वाटलं म्हणून मध्ययुगातल्या विद्वानांनी मधली एक जागा कल्पिली, आणि ती आमच्या आयांपर्यंत देवाचा शब्द म्हणून पोचली. १९८३ च्या धर्मसंहितेने अशा बाळांचा अंत्यविधी चर्चमध्ये करायला वाट मोकळी केली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितलं की चर्च या बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं. २००७ साली, बेनेडिक्ट सोळावे पोप असताना, त्यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचं तारण होतं अशी आशा बाळगायला सबळ कारणं आहेत, असं त्यात म्हटलं आहे. खात्री दिलेली नाही, आशा दिली आहे. माझ्या आईला तेवढी पुरली असती.

२००७ साली ती हयात होती. रोज सकाळी मिस्साला जात होती, पहिल्या बाकावर बसत होती. पुढची चार वर्षं प्रवचनं झाली, पत्रकं वाटली गेली, नऊ दिवसांच्या नोव्हेना झाल्या, सणाच्या वर्गणीच्या याद्या घरोघर फिरल्या. पण असं बाळ गमावलेल्या बायांच्या घरी जाऊन "आम्ही तुम्हाला जे सांगितलं होतं ते तितकंसं खरं नव्हतं" हे सांगायला कुणी आलं नाही. आमच्या एकट्या गावात अशा बाया पाच-सहा तरी असतील.

फादर, मला लिंबोबद्दल वाद घालायचा नाही. विद्वान चुकतात, शतकं लागतात, दुरुस्त्या होतात. गॅलिलिओला १६३३ साली दोषी ठरवलं आणि त्या खटल्यातली चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली उघडपणे मान्य केली, हेही मी मुलांना शिकवलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. भीती घालायची होती तेव्हा ती प्रत्येक कुमसाराच्या जाळीपर्यंत, प्रत्येक बाळंतिणीपर्यंत पोचली. भीती काढून घ्यायची वेळ आली तेव्हा ती बातमी रोममधल्या कागदातच का राहिली? विसरलात का? की त्या भीतीवर बरंच काही उभं होतं, म्हणून हात लावला नाही?

मला हे कळल्यावर मी ते वर्गात सांगितलं. त्या मुलालाही सांगितलं. दोन आठवड्यांनी मला बोलावणं आलं. "मुलांच्या डोक्यात नको ते भरू नका, पुस्तकात आहे तेवढं शिकवा." पुस्तकातलंच आहे, असं मी म्हणाले, कलमाचा आकडा सांगितला. पुढच्या जूनमध्ये धर्मशिक्षकांची यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कोणता धर्मग्राम (पॅरिश), कोण फादर, हे मी लिहिणार नाही. त्या एका माणसावर राग काढायला हे पत्र नाही. त्यांच्याही मनात भीतीच होती, वरची. हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

श्रद्धेमागचा हेतू कोणता, हा प्रश्न चर्चला नवा नाही. पश्चात्तापाचे दोन प्रकार आपण मुलांना शिकवतो. देवावरच्या प्रेमामुळे होतो तो पूर्ण पश्चात्ताप. पापाच्या ओंगळपणामुळे किंवा नरकाच्या भीतीने होतो तो अपूर्ण. चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५५१ साली सांगितलं की हा अपूर्ण पश्चात्तापही देवाचंच देणं आहे आणि तो माणसाला कुमसारातून क्षमा मिळवायला तयार करतो. मला ही शिकवण एके काळी फार दयाळू वाटायची. माणूस दुबळा आहे, घाबरून आला तरी देव त्याला परत पाठवत नाही. आजही मला ती तशीच वाटते. पण आपण व्यवहारात काय केलं? घाबरून आलेल्याला दारात घ्यायचं म्हणून जी पायरी ठेवली होती, त्या पायरीवरच आपण पिढ्यानपिढ्या माणसं बसवून ठेवली. आत या, आता घाबरू नका, असं म्हणायचं राहून गेलं. घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही, हिशोब मागत नाही, बदली होऊन आलेल्या नव्या फादरांसमोर लगेच उभा राहतो. तुम्हाला हे सोयीचं पडलं का? मी आरोप करत नाही. आपापल्या अंतःकरणात डोकावून पाहा, एवढंच म्हणते. आम्हाला कुमसाराआधी जी आत्मपरीक्षा करायला सांगता, तीच.

आपल्या मातीत ही भीती कुठून आली तेही बघायला हवं. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि राजाची सत्ता व चर्चची सत्ता एकत्रच आल्या. आपले पूर्वज का बदलले? कुणी प्रवचन ऐकून, कुणी जमिनीसाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी धाकाने. सगळ्यांचा हेतू एकच होता असं म्हणणारा, मग तो आपल्यातला असो की आपल्याला हिणवणारा असो, इतिहासाशी प्रामाणिक नाही. गोव्यात १५५९ साली हिंदूंच्या अनाथ मुलांना चर्चच्या ताब्यात देण्याचा राजाचा हुकूम झाला. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते कायमचं उठायला १८१२ साल उजाडलं. ते गोव्यात आणावं अशी मागणी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून कुणी केली होती? संत फ्रान्सिस झेवियरने. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मी जुन्या गोव्याला त्यांच्या अवशेषांच्या दर्शनाला जाऊन आले. चार तास रांगेत उभी राहिले, हात जोडले, डोळे भरून आले. आणि तरीही ते पत्र मला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच मनात राहतात. मुलांच्या मनातही राहू शकतील, आपण त्यांना सांगितलं तर.

पण मला त्याहून जास्त विचार करायला लावतं ते १७३९. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली. आता ख्रिस्ती राहून ना जमीन मिळणार होती, ना नोकरी, आणि धाक दाखवणारा राजाही उरला नव्हता. तरी आपले पुष्कळ पूर्वज ख्रिस्तीच राहिले. झावळीच्या घरांत जपमाळा चालू राहिल्या, सण होत राहिले. ती श्रद्धा कुणाच्या हुकुमाची नव्हती. आपलं खरं ख्रिस्तीपण मी तिथून मोजते. ज्यांनी आपल्याला धाकाने वळवलं त्यांची सत्ता गेल्यावरही जे उरलं, ते आपलं. मग आज त्याच धाकाच्या भाषेची तुम्हाला गरज का भासावी?

इथे मला पंडिता रमाबाईंबद्दल लिहायचं आहे. त्या आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नव्हत्या, म्हणून आपल्या वर्गांत त्यांचं नावही निघत नाही. संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे लहान मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या देशात, हाताशी पैसा नाही, राहणं खाणं धर्मभगिनींच्या मठाच्या आधारावर. कोणीही अशा वेळी मान खाली घालून राहिलं असतं. रमाबाईंनी प्रश्न विचारले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्र्येकत्वाबद्दल विचारले, चर्चच्या श्रद्धाविधानाबद्दल विचारले. मांसाहार करायला नकार दिला. त्यांना घडवू पाहणाऱ्या सिस्टर जेराल्डीनना यात अहंकार दिसला. तेव्हा १८८५ साली रमाबाईंनी त्यांना लिहिलं की, भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने नुकतीच सुटले आहे. आता पाद्र्यांकडून येईल ते सारं परमेश्वराचीच आज्ञा म्हणून स्वीकारून तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापली आहेत.

आणि हीच बाई पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढते, दुष्काळातल्या शेकडो मुली-बायांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा देते, आणि आयुष्याची शेवटची वर्षं सबंध बायबल मराठीत उतरवण्यात घालवते. जोखड नाकारल्याने तिची श्रद्धा गेली नाही, ती आणखी खोल गेली. रेव्हरंड ना. वा. टिळकही असेच. १९१७ साली मिशनचं काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकत्र बसवलं. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. ही माणसं मराठी ख्रिस्ती होती, आपली होती. त्यांच्या प्रश्नांना आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात एक पान का मिळू नये?

तुम्ही म्हणाल, बाहेर वातावरण असं असताना घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडता? हे मला खूप जणांनी सांगितलं, माझ्या सख्ख्या भावानेही. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. १९९९ साली ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं, २००८ साली कंधमाळमध्ये घरं पेटली, हे विसरण्यासारखं नाही. पण ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, ती कोणत्या नरकाच्या भीतीने? तशी क्षमा भीतीतून येऊच शकत नाही. ती ज्या श्रद्धेतून आली, ती माझ्या वर्गातल्या मुलांना मिळावी म्हणून मी लिहिते आहे. आणि बाहेरच्या धोक्याचं नाव घेऊन आतले प्रश्न गप्प करायची सवय लागली की आतला अन्याय सुखाने राहतो. जगभर चर्चमध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार झाले आणि संस्थेचं नाव जपायचं म्हणून ते झाकले गेले. शेवटी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना जगभरचे बिशप व्हॅटिकनला बोलवावे लागले, आणि त्याच वर्षाअखेर अशा प्रकरणांवरची गुप्ततेची अट काढावी लागली. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट माहीत असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. किती चर्चच्या फलकावर हे लिहिलेलं आहे? मी जिथे जिथे गेले तिथे मला नोव्हेनाच्या वेळा दिसल्या, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दिसला नाही.

पैशाचं मी थोडक्यात लिहिते. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशोब भाविकांना द्यावा, हेही धर्मसंहितेतच आहे, कलम १२८७. काही धर्मग्राम तो देतात, त्यांना माझा मनापासून नमस्कार. बाकीच्यांनी द्यावा. एवढंच.

मला तुमचा अधिकार नको आहे असं समजू नका. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ पहाटे तीनला सायकल मारत आलेले फादर मी पाहिले आहेत. माझ्या वडिलांच्या शेवटच्या रात्री असेच एक जण ओल्या झग्यानिशी येऊन बसले होते, वडिलांचा हात धरून. त्यांना त्या रात्री कुणाला घाबरवायची गरज पडली नाही. तरी आम्ही सारे त्यांच्या शब्दात होतो, ते म्हणाले असते ते केलं असतं. अधिकार म्हणतात तो मला तिथे दिसला. "तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत" हे येशूचं वाक्य आम्ही दर वर्षी पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला ऐकतो. बाकीच्या आठवड्यांत ते कुठे असतं, हे विचारायचा मला हक्क आहे.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी उत्तर दिलं. म्हटलं, मला ठाऊक नाही. लहानपणी मी भीतीनेच आले. आता नरक नाही असं कुणी सिद्ध करून दाखवलं तरी मी येईन, कारण इतक्या वर्षांत मला येशू आवडायला लागला आहे. तो म्हणाला, "मग आम्हाला पहिल्यापासून तेच का नाही शिकवत?" तो आता चोवीस वर्षांचा आहे, नोकरीला आहे, चर्चला येत नाही. रस्त्यात भेटला की "टीचर" म्हणून थांबतो, विचारपूस करतो.

आता माझं मागणं. २ नोव्हेंबर, मृत भाविकांचा दिवस, जवळ येतो आहे. त्या संध्याकाळी दफनभूमीत कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लागतील, फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीने फिरतील. यंदा मिस्साच्या वेळी वेदीवरून २००७ सालचा तो दस्तऐवज सोप्या मराठीत समजावून सांगा. अजून काही म्हाताऱ्या आया हयात आहेत. त्यांना ऐकू येईल असं सांगा, माइक जवळ धरून. आणि कबरींना आशीर्वाद देऊन झाल्यावर कुंपणाबाहेर या. निवडुंग केव्हाच तोडले, तिथे आता दुचाक्या लावतात. गेटातून बाहेर पडलं की उजव्या हाताला, भिंतीपासून चार पावलांवर. माझा सगळ्यात धाकटा भाऊ तिथे आहे. त्याला नाव ठेवायचं राहिलं. मी मेणबत्ती घेऊन तिथे उभी असेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वसई तालुका